सोजराबाईचा जबाब

नवशाची ताडी प्यालेला मुरब्याचा एक कोळी होडीत जो आडवा झाला, तो तिसऱ्या दिवशी उठला. उठून बघतो तर होडी गुजरातच्या किनाऱ्याला लागलेली आणि तिथली माणसं त्याला चहा घेणार का विचारताहेत. हे सोजराबाई सांगायची. खोटं म्हणायची सोय नव्हती, कारण होडीचा रंग, कोळ्याच्या बायकोचं माहेर आणि त्या चहात आलं होतं की गवती चहा, हे सगळं तिला पाठ होतं.

नवशा तिचा मुलगा. पावसाळ्यात ही मंडळी मासवणच्या पाड्यावर भात लावायची आणि दिवाळी सरली की बिऱ्हाड डोक्यावर घेऊन बोईसरजवळ पाम गावी रामनाथभाऊंच्या वाडीत उतरायची. वाडी भाऊंची, ताड भाऊंचे, ताडीचा परवानाही भाऊंच्याच नावाचा, पडवीत काचेत लावलेला. पाय तेवढे नवशाचे. पण ते पाय बघण्यासारखे. बोटं हाताच्या बोटांसारखी फाकलेली, आणि पावलांच्या आतल्या कडेला दोर घासून घासून कासवाच्या पाठीसारखे घट्टे पडलेले. घोट्यांत दोराचा फास अडकवला, कंबरेला कोयता खोवला की माणूस सरड्यासारखा वर. अठरा ताड, सकाळ-संध्याकाळ.

तो स्वतः मात्र पीत नव्हता. चढणाऱ्याने प्यायची नाही, हा त्यांच्यातला नेम. रस जिभेला लावायचा, चव बघायची आणि थुंकायचा. नवशाची बायको कमळी मडकी धुवायची, सरपण आणायची. आणि विकायला कुंपणाशी करंजाच्या सावलीत सोजराबाई बसायची, पुढे दोन मडकी, चार काचेचे पेले. बोईसरच्या कारखान्यांतली माणसं पाळी सुटली की तिच्याकडे यायची. ताडी तर पलीकडच्या वाडीतही मिळत होती, पण तिथे गोष्ट मिळत नव्हती.

माघात भाऊंच्या मुलीच्या, किंजलच्या, बाळाचं बारसं निघालं. किंजल दिलेली बोईसरला. भाऊंची आई माई म्हणजे वाडीतलं शेवटचं कोर्ट. माईंनी हुकूम सोडला की बारशाला आलेल्या बायकांना बाटलीतलं रंगीत पाणी द्यायचं नाही, आपल्या ताडाची निरा द्यायची. म्हणून आदल्या संध्याकाळी सोजराबाईने दोन मडक्यांना आतून चुना फासला. चुना लावला की रात्रभर गळलेला रस आंबत नाही. गोड राहतो, वास मारत नाही, बाळंतिणीने प्याला तरी चालतो. उजाडायच्या आत नवशाने मडकी उतरवली, कावडीला लावली आणि रस्त्याची कड धरून बोईसरकडे निघाला.

साडेआठला मागून गाडी आली. चालवत होता धीरज, एका ठेकेदाराचा मुलगा. लोकांची रात्र पहाटे संपते; याची साडेआठपर्यंत चालूच होती. गाडी रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रांगोळी काढत आली आणि नवशाला कावडीसकट उडवून गटारात तोंड खुपसून थांबली. मडकी फुटली. नवशाचा डावा पाय चाकाखाली गेला.

धीरज बाहेर आला, नवशाच्या उशाशी मांडी घालून बसला आणि गळा काढून रडला. मग गाडीतून बाटली आणून त्याने ती नवशाच्या तोंडाला लावली. "दवा है भाई, पी ले," म्हणाला. नवशाने अर्धवट शुद्धीतही नेमाप्रमाणे थुंकून टाकली, तर उरलेली सगळी त्याच्या सदऱ्यावर सांडली. औषधोपचार आटोपल्यावर धीरज त्याच्याच पोटावर डोकं ठेवून झोपी गेला. पाळीवर निघालेल्या कामगारांनी दोघांना एकाच टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात पोचवलं. डॉक्टरांनी दोघांच्याही कागदावर लिहिलं, दारूचा वास येतो. धीरजला वडिलांनी तासाभरात तिथून दुसरीकडे हलवलं, आणि त्याचं रक्त तपासायला घेतलं तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. तोवर त्याच्या पोटात इतकं लिंबूपाणी गेलं होतं की त्याला लोणच्याच्या बरणीत घालायचं तेवढं बाकी होतं.

इकडे नवशाला आत घेतलेलं. बाहेरच्या बाकड्यावर सोजराबाई पदर तोंडात धरून बसलेली. हवालदार जबाब लिहायला आला. माणूस वाईट नव्हता, कंटाळलेला होता. नाव, गाव, मुलाचा धंदा विचारून झाल्यावर त्याने विचारलं, मडक्यांत काय होतं, नुकसान किती लिहू. आणि तिने तोंड उघडायच्या आत स्वतःच बोलून गेला की ताडी असेल, अर्धी पाण्याची, लिहितो दोनशे.

सोजराबाईचं रडू जागच्या जागी थांबलं. पोरगा आत पडलाय, त्याचा पाय राहतो की जातो ठाऊक नाही, आणि हा खाकी कपड्यांतला माणूस त्याच्या ताडीत पाणी घालतोय. निरेला भाव कमी, ताडीला जास्त, हेही तिला त्या घडीला सुचलं. ती ताठ झाली आणि बोलली, "लिवा. माज्या पोऱ्याची ताडी एक पेला बैलाला पाजली तं बैल तितंच आडवा. दोन पेले पाजले तं मालक बी आडवा, नुसत्या वासानं."

हवालदाराने लिहिलं. तिने अंगठा उठवला.

नवशाच्या पायात सळ्या घातल्या. पाय राहिला, पण घोटा वळेना. दीड महिन्याने त्याला टेम्पोतून वाडीत आणलं, ते खोपटात पाठीवर पडून वरचे ताड बघत राहायला. झाडं मोहरात आलेली आणि चढायला कमळीचा भाऊ चिंतू. चिंतू चढायचा चांगला, पण विचार करत चढायचा. अठरातले आठ ताड होईपर्यंत ऊन वर यायचं. कमळीने बोईसरच्या प्लास्टिकच्या कारखान्यात पाळी धरली. दिवसभर उभं राहून बादल्यांना कड्या लावायच्या, संध्याकाळी सुजलेले पाय घेऊन चुलीपुढे बसायचं. आणि ज्या माणसाला ताडाच्या शेंड्यावर कुणी हात दिला नाही, त्याला परसाकडे न्यायला दोन माणसं लागायची. पहिले आठ दिवस तो लाजेने जेवायचाच अर्धं.

बारसं आपलं, निरा आपल्या घरची, याची किंजलला टोचणी लागलेली. तिने तिची शाळेतली मैत्रीण रूपल हिला गाठलं. रूपल पालघरच्या कोर्टात वकील. मोफत कायदेशीर मदतीच्या यादीवर तिचं नाव होतं, आणि आदिवासी माणसाला ती मदत मागायचा हक्क आहे, फी द्यावी लागत नाही, हे तिनेच येऊन सांगितलं. नवशाला ते खरं वाटेना. फुकटचा वकील म्हणजे चुना न लावलेली निरा, दुपारपर्यंत काय होईल सांगता येत नाही, असं त्याचं मत. पण त्याने अंगठा दिला आणि भरपाईचा दावा लागला.

पुढच्या महिन्यात रूपल स्कूटरवरून वाडीत आली, ती कपाळाला आठ्या घालून. पडवीत माई, रामनाथभाऊ, कमळी, खाटेवर नवशा. सोजराबाई खांबाला टेकलेली. रूपलने आधी विमा कंपनीचं उत्तर सांगितलं. कंपनी म्हणते, गाडी चालवणारा प्यालेला होता, म्हणून आम्ही बांधील नाही.

"म्हंजे तो पिलेला म्हनून आमाला नाय?" नवशाने विचारलं.

रूपल बोलली, तसं नसतं. तू रस्त्यावरचा माणूस, त्यांच्या कराराशी तुझा संबंध नाही. कंपनीने तुला आधी द्यायचे आणि मग गाडीमालकाकडून वसूल करायचे. माईंनी सुपारी कातरता कातरता निकाल दिला की बरोबर आहे, जावाजावांचं भांडण असलं म्हणून पंगत उपाशी उठवत नाहीत.

"पण हे बघा," रूपल बोलली आणि तिने जबाबाचा कागद काढून वाचला. बैल आला, आडवा पडला, मालकही पडला.

सोजराबाईचा चेहरा उजळला. "ह्ये कोर्टात वाचतील?"

"वाचतील."

"मोठ्यानं?"

"आजी, त्यांचा वकीलच वाचणार आहे."

म्हातारीने पदर नीट केला. आजवर तिची गोष्ट करंजाखाली दहापाच माणसांनी ऐकली होती. आता काळे कोटवाले ऐकणार.

मग रूपलने उरलेलं सांगितलं. धीरजने लेखी दिलंय की मी प्यालो नव्हतो, माझ्या अंगाला वास आला तो याच्या फुटलेल्या ताडीचा. आणि कंपनी म्हणते की नवशाच्या कागदावरही दारूचा वास लिहिलाय. तोच आपली बैल लोळवणारी ताडी पिऊन झुलत रस्त्यात आला. निम्मा दोष त्याचा, म्हणून भरपाई निम्मी कापा. आणि आधार कशाचा, तर त्याच्या सख्ख्या आईच्या जबाबाचा.

सोजराबाई कुडाकडे बघत राहिली.

रूपल कागद उलटत होती. पंचनाम्यात एका ओळीवर तिचं बोट अडलं. घटनास्थळी मातीच्या मडक्यांची खापरं मिळाली, आतून पांढरी. हे पांढरं काय, तिने विचारलं. शहरात वाढलेली पोर, तिला कुठून ठाऊक असणार. चुना, कमळी बोलली, आणि तिने चुन्याचं सगळं समजावून सांगितलं. रूपल खुर्चीवरून उठूनच उभी राहिली. म्हणजे मडक्यांत ताडी नव्हतीच? वास यायचा प्रश्नच नाही? मग दोघांच्या अंगावरचा वास एकाच बाटलीचा, आणि ती बाटली धीरजची. आता आजींनी कोर्टात एवढंच सांगायचं, की मी हवालदाराला सांगितलं ते खोटं होतं.

"नाय," सोजराबाई बोलली.

तिने बरीच कारणं दिली. कोर्टाची पायरी तिला चढवत नाही, तिला ऐकू कमी येतं, तेही परवापासूनच. खरं कारण शेवटी निघालं. शंभर माणसांपुढे सांगायचं, की आपल्या पोराच्या मडक्यांत बाळंतिणीचं सरबत होतं? आणि आपण खोटं बोलतो? बैल खोटा ठरला तर मुरब्याचा कोळी तरी कसा टिकेल? मग त्या करंजाखाली कोण येऊन बसेल? रामनाथभाऊंनी समजावलं, माईंनी रागावून बघितलं. ती उठून मडकी घासायला गेली. घासलेलीच मडकी.

चार दिवस ती कुणाशी बोलली नाही, गिऱ्हाइकाला गोष्टही सांगितली नाही. कमळीने एका संध्याकाळी पाय गरम पाण्यात सोडून एवढंच म्हटलं, की आये, तुझ्या गोष्टीवर ताडी खपते ते खरं, पण ताडी उतरवणारा आत पडून आहे.

पाचव्या दिवशी एक नवा माणूस आला, कारखान्यातला फिटर. दोन पेले झाल्यावर तो रंगात आला आणि खोपटाकडे मान उडवून हसला. "माँजी, तुम्हारा ही लड़का ना, जो खुद की ताडी पी के गाडी के नीचे गया? बेवडा?"

खोपट दहा पावलांवर. आतली खाट करकरली आणि थांबली.

सोजराबाईने त्याच्या हातातला भरलेला तिसरा पेला काढून घेतला आणि जमिनीवर ओतला. ताडी ओतताना तिला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्याचे पैसे तिने त्याच्या खिशात परत कोंबले. मग पडवीत जाऊन भाऊंना सांगितलं, त्या पोरीला फोन लावा.

तारीख लागेपर्यंत पुढचा हंगाम उजाडला. त्या दिवशी कमळीने पाळी बुडवली, चिंतूने नवशाला पाठुंगळी घेऊन यष्टीत बसवलं, आणि सोजराबाईने ठेवणीतलं लाल लुगडं काढलं. पालघरच्या कोर्टात पंखा होता, पण तो फक्त न्यायाधीश साहेबांवर फिरायचा.

आधी नवशा. विमा कंपनीचे वकील जाडगेले, घाम पुसत बोलणारे. त्यांनी डॉक्टरांचा दाखला दाखवला, पस्तीस टक्के अपंगत्व. म्हणजे पासष्ट टक्के पाय चांगलाच आहे, बरोबर?

नवशा बोलला, "साहेब, पासष्ट टक्के ताड चढून काय करू? मडकं शेंड्याला असतं."

साहेबांनी वर बघितलं. पाय दाखव म्हणाले. नवशाने दोन्ही चपला काढल्या. डावा पाय वाळक्या फांदीसारखा. पण साहेब बघत राहिले ते उजव्याकडे, त्या फाकलेल्या बोटांकडे आणि कासवाच्या पाठीकडे. धंद्याचा दुसरा दाखला कुणी मागितला नाही.

मग सोजराबाई. शपथ घेताना तिने शपथेचा प्रत्येक शब्द चाखून बघितल्यासारखा उच्चारला. रूपलने चुन्याचं विचारलं, तिने सांगितलं. खापरांचा कागद साहेबांपुढे गेला. मग जाडे वकील उठले आणि त्यांनी जबाब वाचला. माणूस वाचायला चांगला होता. बैल आडवा पडला तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं, मालक पडला तेव्हा पट्टेवालाही हसला. वर्षापूर्वी याच घटकेसाठी म्हातारीने पदर सारखा केला होता. आता तिने पिंजऱ्याची कड घट्ट धरली.

"हा अंगठा तुमचाच?"

"माजाच."

"मग यातलं खरं किती?"

"अंगठा तेवडा खरा."

पुन्हा हशा. साहेबांनी टेबलावर पेन आपटलं.

"म्हणजे तुम्ही पोलिसांना खोटं सांगितलंत."

"सांगितलं. मडक्यांत निरा होती. पान्यावानी गोड. बैल सोडा, शेळीचं करडू बी आडवं झालं नसतं." हे बोलताना तिचा आवाज खाली गेला, लाजेने. साहेबांनी परत मोठ्याने सांगायला लावलं. तिने परत सांगितलं, शेळीच्या करडासकट.

वकिलांनी रुमाल खिशात ठेवला. आता ते सावकाश बोलले. बाई, तुम्ही स्वतः कबूल करता की तुम्ही खोटं बोलता. मग आज जे सांगताय ते तरी खरं कशावरून?

रूपल उठायला लागली. पण सोजराबाईला राग आला होता, आणि राग आला की तिला फार साधं सुचायचं.

"साहेब, मी खोटं बोलते ती ताडी खपायला. पन्नास वर्सं बोलते. आज हितं बोलले ते उद्या पामपासून बोईसरपर्यंत जाईल, आन् माज्या मडक्याशी कुत्रं बी यायचं नाय. सवताचा धंदा बुडवाया कोन खोटं बोलंल?"

वकील खाली बसले. साहेबांनी ते वाक्य लिहून घेतलं. लिहिताना ते दोनदा थांबले, आणि कुत्र्याचं लिहायचं का, हे स्वतःशीच ठरवत असावेत.

धीरजचा वकील त्याला पिंजऱ्यात उभं करणार होता. पण त्या दुपारनंतर ना त्या तारखेला, ना पुढच्या, धीरज साक्षीला आला.

धंद्याचं म्हणाल तर सोजराबाईचं भाकीत आठ दिवस खरं ठरलं. आठ दिवस करंजाखाली ती आणि मुंग्या. लोक जाता जाता करडाची चौकशी करायचे. नवव्या दिवशी दोघे आले, कोर्टात काय झालं ते ऐकायला. दहाव्या दिवशी सहा आले. ऐकायचं म्हणजे बसायला हवं, बसायचं म्हणजे पेला हवा. महिनाभरात त्या गोष्टीतला पंखा बंद पडला, पट्टेवाला रडला आणि साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले. चिंतू कोर्टाच्या दाराशीच बसलेला होता, पण त्यालाही ते सगळं आठवायला लागलं.

निकाल पावसाळा सरता सरता लागला. रूपलने कोर्टाच्या पायऱ्यांवर उभं राहून एकेक ओळ मराठीत उलगडून सांगितली. दोष पूर्ण गाडीवाल्याचा. पाय गेला पस्तीस टक्के, पण हा ताडावर चढणारा माणूस, त्याची कमाई गेली पूर्ण, म्हणून भरपाईही पूर्ण, दावा लावला त्या दिवसापासून व्याजासकट. आधी कंपनीने द्यायची, मग त्यांनी धीरजच्या वडिलांकडून वसूल करायची. मोठी रक्कम बँकेत राहील, दर महिन्याला व्याज नवशाच्या खात्यावर येईल. आकडा ऐकून कमळी पायरीवरच बसली. उद्यापासून बादल्यांना कड्या लावायच्या नाहीत एवढंच ती म्हणाली, आणि तेही दोनदा म्हणाली.

सोजराबाई आकड्यापाशी थांबली नव्हती. तिने विचारलं, पोऱ्याचं काय लिवलंय. रूपलने पान शोधलं. अर्जदाराने मद्य घेतलेलं नव्हतं, तो रस्त्याच्या कडेने व्यवस्थित चालत होता.

"परत वाच."

रूपलने परत वाचलं. नवशा काठीवर रेलून दुसरीकडे बघत होता, आणि त्याचा कान लाल झाला होता. म्हातारीने त्या पानाची वेगळी प्रत मागितली. फिटरची पाळी कधी सुटते ते तिला ठाऊक होतं.

एवढ्यात विमा कंपनीचे जाडे वकील पायऱ्या उतरून आले. हरलेल्या माणसासारखे काही दिसत नव्हते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, आजी, तुमचा हंगाम कधी सुरू होतो. निरा नको, चुन्याशिवायची असते ना, ती.

सोजराबाईने त्यांच्याकडे बघितलं, मग फाटकाशी उभ्या असलेल्या त्यांच्या पांढऱ्या गाडीकडे बघितलं.

"दिवाळी झाली का या," ती बोलली. "पन यष्टीनं या, साहेब. आन् यष्टीनंच जा."